लसूणघास आणि आटता समुद्र

अँटिलोप बेटाकडे जाणारा बांधावरचा रस्ता सात मैलांचा. दोन्हीकडे पाणी दिसेल म्हणून मी काच खाली केली होती. दिसली ती बरीचशी भेगाळलेली, पांढरी जमीन. "मामा, बेट आता नावालाच बेट आहे," गाडी चालवताना भाची म्हणाली. ती सॉल्ट लेक सिटीजवळ राहते.

अमेरिकेच्या युटा राज्यातला हा खारा जलाशय म्हणजे ग्रेट सॉल्ट लेक. बेअर, वेबर, जॉर्डन या नद्या त्यात येऊन मिळतात. बाहेर मात्र एकही जात नाही. ऊन पाणी नेतं, मीठ मागे ठेवतं. 1987 साली पाणी इतकं चढलं होतं की सरकारने मोठे पंप बसवून ते पश्चिमेच्या वाळवंटात सोडलं. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच जलाशयाने आजवरचा नीचांक गाठला, समुद्रसपाटीपासून 4,188.5 फूट. पुढच्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला म्हणून पातळी थोडी सावरली, एवढंच.

किनाऱ्यावर उतरलो तर कोबीच्या गड्ड्यांसारखे करडे दगडी उंचवटे उघडे पडलेले. सूक्ष्मजीवांनी रचलेले. पाण्याखाली असतात तोवर त्यांच्यावर खाऱ्या पाण्याकाठच्या बारीक माश्यांच्या अळ्या जगतात आणि त्या माश्यांवर लाखो स्थलांतरी पक्षी. मी एका उंचवट्यावर हात ठेवला. कोरडा, कडक. कडेच्या माश्यांचा काळा पट्टा माझ्या पावलांपुढे उठून बाजूला होत होता, चावत एकही नव्हती. आता हा पट्टा पाहिला की मला तो किती रुंद असायला हवा होता, हेच मनात येतं.

उन्हाळे तापलेत, बाष्पीभवन वाढलंय, हे खरंच. पण नद्यांचं पाणी वाटेतच वळवलं जातं आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा शेतीचा, मुख्यतः लसूणघास आणि चाऱ्याचा. येताना हिरवीगार शेतं मीही कौतुकाने पाहिली होती. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला यावर आणखी काय सांगायचं? आमच्याकडे टँकरच्या वाटेवरही ऊस उभा असतो.

दुपारनंतर वारा सुटला. उघड्या तळावरून पांढरट धुळीचा पडदा उठला. या गाळात आर्सेनिक आहे. भाचीने काचा वर केल्या, गाडी कडेला घेतली आणि घरी फोन लावला: "आई, मुलीला अंगणातून आत घे. खिडक्याही लाव."