अँगलसीचा पाऊस आणि आबांची पुडी

१६० पौंड भरून पावसात भिजायला कोण जातं, हा आईचा प्रश्न. उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं.

ऑफिसातल्या एका मित्राच्या नादानं मी गाडीवेड्यांच्या एका क्लबात शिरलोय. वर्षातून दोन-तीनदा ही मंडळी एखादा रेसट्रॅक दिवसभरासाठी घेतात आणि आपापल्या घरच्या गाड्या त्यावर पळवतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, घड्याळ लावायलासुद्धा बंदी. माझी गाडी म्हणजे तिसऱ्या हातानं घेतलेली, कापडी टपाची माझदा एमएक्स-फाइव्ह. यंदा ऑक्टोबरात वेल्समधल्या अँगलसी बेटावरचा ट्रॅक ठरला, आणि नेमके त्याच वेळी आई-आबा तीन महिन्यांसाठी इंग्लंडात स्टॉकपोर्टला आमच्याकडं आलेले. आई चकलीच्या भाजणीत अडकली. आबा म्हणाले, "चल, येतो."

आबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली निम्मी तरी आंबा घाटात गेली असतील.

कॉन्वीचा किल्ला, चहा, मासे-बटाटे हे सगळं आदल्या दिवशी उरकलं. लक्षात राहण्यासारखं त्यात काही नाही. फक्त पूल ओलांडून बेटावर उतरलो तेव्हा मी आबांना ती सुप्रसिद्ध ५८ अक्षरी गावाची पाटी दाखवायला नेलं. इथं सगळे तिच्याखाली उभं राहून फोटो काढतात. आबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "ही गाडीच्या कपाळावर बसायची नाही. पाशिंजर विचारतच बसंल."

सकाळी ट्रॅकवर पोचलो तर पाऊस वरून पडतच नव्हता, समुद्राकडून आडवा येत होता. जागा आयरिश समुद्राच्या अगदी काठावर, अबरफ्राउ गावाजवळ. पूर्वी इथं लष्कराची छावणी होती. स्वच्छ दिवशी पलीकडं स्नोडोनियाचे डोंगर दिसतात म्हणे. मला पॅडॉकच्या, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवाराच्या, टोकाची संडासं दिसत नव्हती. ओठावर जीभ फिरवली तर खारट.

मला वाटलं, आता रद्द करतील, पैसे तरी वाचतील. पण आजूबाजूला बघतो तर सगळे खुशीत! पन्नाशी-साठीचे बाप्ये, मिरगाचा पहिला पाऊस आल्यावर पोरं अंगणात नाचतात तसे. मित्रानं समजावलं. कोरड्या ट्रॅकवर ज्याच्या गाडीला ताकद जास्त तो पुढं. ओल्यात ती ताकद जमिनीवर उतरतच नाही, सगळे एका पंगतीत येतात. शिवाय टायर झिजत नाहीत, आणि गाडी घसरते ती कमी वेगात घसरते, म्हणजे सावरायला शिकता येतं. मला पटलं. पण बूट भिजल्यावर पटलेलं फार वेळ टिकत नाही.

मग सह्या. मोटरस्पोर्ट धोक्याचं आहे, जिवाचं बरंवाईट झालं तर जबाबदारी आपली, असा मजकूर. शेजारी बसणाऱ्यालाही सही करावी लागते, म्हणून मी तो आबांना वाचून दाखवला. त्यांनी मराठीत झोकदार सही ठोकली. "घाटात मला कुणी अशी सही मागितली नाही," एवढंच म्हणाले. नंतर एक जण काठीला लावलेलं यंत्र सायलेन्सरजवळ धरून प्रत्येक गाडीचा आवाज मोजत आला. आबांना ते पीयूसीवाले वाटले.

माझ्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. पहिल्या तीन फेऱ्या वाट ओळखायला, सावकाश, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. त्यानंतर मोकळीक. कोरड्यात जी वाट धरायची असते तिच्यावर टायरांचं रबर घासून घासून बसलेलं असतं, आणि पाणी पडलं की तीच वाट साबणासारखी होते. म्हणून ओल्यात मुद्दाम बाहेरून, खरखरीत डांबरावरून वळायचं. हे सकाळच्या सूचनांत सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. चौथ्या फेरीत कॉर्कस्क्रू नावाच्या उताराच्या वळणावर, समोर करडा समुद्र, मी सवयीनं आतली वाट धरली आणि वळता वळता ब्रेकवर पाय दिला. मागचं टोक पुढं आलं. समुद्र, गवत, पुन्हा समुद्र. थांबलो तेव्हा आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून उभे होतो.

आबांनी हेल्मेटच्या आतून विचारलं, "इंजिन बंद पडलं का?"

बाकी काही नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पॅडॉकमध्ये आमच्या शेजारी सत्तरीच्या एका गृहस्थांची केटरहॅम होती. केटरहॅम म्हणजे चार चाकं, इंजिन आणि समोर एक चिमुकली उभी काच. टप नाही, दारं काढून ठेवलेली. वायपर बोटाएवढे. त्यातला एक चालायचा बंद झाला होता आणि गृहस्थ गुडघ्यावर बसून त्याच्याशी प्रेमानं काहीतरी बोलत होते. आबा छत्री माझ्याकडं देऊन तिकडं गेले. इंग्रजी त्यांना 'थँक्यू'पलीकडं येत नाही. काचेवर बोट ठेवून त्यांनी मान हलवली, खिशात हात घातला आणि गाय छापची पुडी काढली.

मी सर्द. आबांनी दोन वर्षांपूर्वी आईच्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडली होती.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, पावसाच्या पाण्यात भिजवली आणि काचेवर बाहेरून चोळायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई नाही. संपली की दुसरी चिमूट. भोवती पाच-सहा जण जमले. कुणीतरी मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, तंबाखू. खायची? हो, खायची. त्यावर इंग्रज माणूस जो सभ्य चेहरा करतो तो त्यानं केला. मला थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. वडील परदेशात आले की आपण किती भित्रे होतो! पण काचेवरचे थेंब थेंबासारखे उभे राहीनात. पाणी सपाट पसरून, कापडासारखं, खाली सरकायला लागलं. पलीकडचं दिसत होतं. आबा मराठीतच त्या गृहस्थांना सांगत होते, "वायपर बंद पडला की रातच्याला असंच गाडी काढायची, साहेब. दहा-पंधरा मिनटं चालतं. मग परत लावायची." ते गृहस्थही प्रत्येक वाक्याला हो हो करत होते.

मग त्यांनी शेजारच्या सीटकडं हात केला.

मी नको म्हणणार तोवर आबा आत बसलेसुद्धा. पट्टे आवळले, आणि ते दोघं म्हातारे त्या उघड्या डब्यात बसून पावसात दिसेनासे झाले. मी कठड्यापाशी छत्री धरून. छत्री दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा मिटवून टाकली. पिवळा ठिपका दर फेरीला समोरून जायचा, मागचं टोक जरा जरा हलवत. आबांना शेजारी बसवून गाडी चालवणं मी कधीच एन्जॉय केलेलं नाही. त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. पण सहाव्या की सातव्या फेरीला ते जवळून गेले तेव्हा आबांचे दोन्ही हात वर होते. आधी वाटलं घाबरले. मग तोंड दिसलं.

उतरले तेव्हा पाटलोणीतून पाणी गळत होतं. ते गृहस्थ उतरले आणि आपण होऊन दुसरी चिमूट मागून घेतली, काचेसाठी. दुपारपर्यंत आणखी दोन गाड्यांना आबांनी तंबाखू लावून दिली. चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

परत येताना पेट्रोल भरलं. आबांनी पावती मागून घेतली, ट्रॅकवरच्या मैलांचे किलोमीटर मला करायला लावले आणि भागाकार केला. लिटरला पाच. "पन्नास माणसं भरून माझी गाडी हेच देत होती," म्हणाले, आणि झोपले.

घरी आईनं ओलं जाकीट वाळत घालायला घेतलं आणि खिशातून पुडी काढली. जवळजवळ रिकामी.

"काचेला लावली," आबा म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी शपथेवर सांगितलं, काचेलाच लावली. त्या दिवसापासून आई आमच्या दोघांशीही बोलत नव्हती, ती थेट धनत्रयोदशीपर्यंत.