पीएचडीचा कोड खुला करताना कुठे अडतं: माझा अनुभव

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ वर गेली की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळेतली पोरंही सांगतात. या पातळ्यांचा अंदाज बांधणारा, पीएचडीच्या कामातून तयार झालेला एक पायथॉन कोड सगळ्यांना वापरता येईल असा खुला करायचं काम माझ्याकडे होतं. जर्नलचीही अट होती: कोड कायमस्वरूपी ठिकाणी ठेवा, त्याचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) द्या, मग लेख पुढे सरकेल. तांत्रिक भाग सरळ पार पडला. सगळं अडलं ते संस्थेच्या एका ना हरकत पत्रापाशी, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) चढवला की तो खुला झाला, असं बहुतेक संशोधकांना वाटतं. तसं नाही. लायसन्स, म्हणजे वापराची लेखी परवानगी, नसेल तर सगळे हक्क मालकाकडेच राहतात. लोकांना कोड बघता येतो, गिटहबवरच त्याची प्रत काढून ठेवता येते, पण आपल्या कामात बदलून वापरायचा हक्क मिळत नाही. लायसन्स देऊ शकतो फक्त मालक. आणि पीएचडीच्या कोडचा मालक कोण, याचं उत्तर संस्थेत कुणालाही चटकन देता येत नाही.

कायदा त्या मानाने स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’त धरला आहे. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक. मात्र नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक नोकरी देणारा. आता एकाच कोडमध्ये किती हात असतात ते बघा. शिष्यवृत्तीवर असलेली विद्यार्थिनी सहसा नोकरदार नसते. तिचे गाईड सर पगारी प्राध्यापक. प्रकल्पावर नेमलेल्या सहायकाने दोन फाइली लिहिलेल्या, त्याला नेमणूकपत्र आहे. शिवाय प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात निधी देणाऱ्याच्या अटी असतात. म्हणून विद्यार्थिनीची संमती वेगळी, संस्थेचं पत्र वेगळं, मंजुरीपत्रातलं कलम वेगळं. तिन्ही कागद हातात असल्याशिवाय लायसन्सची फाईल टाकू नका.

संस्थेचं पत्र मागितलं तर हाती आला पेटंटचा फॉर्म. आविष्काराचं नाव, आधीच्या पेटंटांचा शोध, अपेक्षित रॉयल्टी, बाजारातली किंमत. यातला एकही रकाना या कोडला लागू होत नव्हता. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. हे सांगितल्यावर पुढची मागणी आली, की आधी कॉपीराइटची नोंदणी करून आणा. नोंदणी सक्तीची नाही. कॉपीराइट कोड लिहिल्या क्षणी तयार होतो. मग फाईल संशोधन विभागाकडून विधी विभागाकडे, तिथून परत संशोधन विभागाकडे. प्रत्येक टेबलवर एकच शंका: ‘फुकट दिलं तर संस्थेचं नुकसान नाही का?’ शंका रास्त आहे, पण ती लेखी कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे लेखी उत्तरही देता येत नव्हतं. माझा संताप होता तो याचा. नुसत्या तोंडी प्रश्नांवर फाईल पडून राहते आणि तिकडे लेखाची मुदत संपत जाते.

पत्र आलं तेव्हा त्यात एक ओळ होती: ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’. दिसायला निरुपद्रवी, पण या एका ओळीने सगळं फुकट जातं. एमआयटी, बीएसडी, अपाची, जीपीएल या खुल्या लायसन्सांपैकी कुठलंही वापराच्या क्षेत्रावर बंधन घालत नाही. पत्रात ही ओळ आणि रेपोत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) एमआयटी, असं ठेवलं तर आपण परवानगीच्या पलीकडे जाऊन लायसन्स देतो. आणि बंधन पाळलं तर पूररेषेचं काम करणाऱ्या खाजगी इंजिनिअरला किंवा महापालिकेच्या सल्लागाराला कोड वापरता येत नाही. ज्यांना गरज आहे तेच बाहेर. म्हणून पत्र बदलून मागावं लागलं.

बदललेलं पत्र मिळालं ते मसुदा आम्हीच लिहून दिला म्हणून. ही युक्ती सगळ्यांनी पहिल्याच दिवशी वापरावी. एका पानाची टिपणी करा. कोड काय करतो, ते दोन ओळींत. काय दिलं जात नाही, ते ठळक: मोजमापाचा डेटा, प्रबंधाचा मजकूर, संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह. मग कायद्याची कलमं. खाली पत्राचा तयार मजकूर, ज्यात सॉफ्टवेअरचं नाव, रेपोचा पत्ता, लायसन्सचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, कॉपीराइटच्या ओळीत कुणाची नावं छापायची ते, आणि ‘यापुढील सुधारित आवृत्त्यांनाही लागू’ हे शब्द. शेवटचे शब्द विसरलात तर प्रत्येक नव्या आवृत्तीला हीच वारी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘दिलाय अर्ज’ याला अर्थ नसतो, आवक क्रमांकाला असतो. सहीचं पत्र हातात आलं तेव्हा मला खरोखर मोठा दिलासा मिळाला.

लायसन्स निवडण्याआधीची एक तपासणी राहिली सांगायची: कोडमध्ये इतरांचं काय आहे ते बघा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेला तुकडा क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (नाव द्या, त्याच अटींवर पुढे द्या) लायसन्सखाली असतो. एमआयटीच्या कोडमध्ये तो तसाच ठेवता येत नाही. जीपीएलमधलं फंक्शन चिकटवलेलं असेल तर पूर्ण कोड जीपीएलखालीच देता येतो. आमच्याकडे असे छोटे तुकडे होते, ते नव्याने लिहिले.

डेटा आणि कोड यांची परवानगी एक नाही. नदीपातळीचे आकडे सरकारी खात्याकडून मिळालेले असतील तर ते रेपोत टाकू नका. त्याऐवजी तेच रकाने, तेच एकक आणि बनावट आकडे असलेली छोटी नमुना फाईल ठेवा, आणि रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फाईलमध्ये) ती बनावट असल्याचं लिहा. एककं तर लिहाच. बंधाऱ्यावरची पातळी फुटांत येते आणि ती तिथल्या मोजपट्टीवरची असते, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. ४३ फूट म्हणजे १३.११ मीटर. विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रतिसेकंद) येतो, मॉडेलला बहुधा घनमीटर प्रतिसेकंद लागतो. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. रकान्याच्या नावातच एकक घातलं, ‘पातळी_फूट’ असं, तर पुढचा माणूस चुकत नाही.

गिटहब १०० एमबीवरची फाईल घेत नाही. आधीच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) मोठी फाईल गेली असेल तर नंतर पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाने इतिहासातून काढावी लागते. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिट झाली असेल तर आधी ती रद्द करा, इतिहास नंतर साफ करा.

डीओआयसाठी झेनोडो हे संशोधनाचा डेटा आणि कोड साठवणारं संकेतस्थळ वापरलं. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था ते चालवते, पैसे पडत नाहीत. एकच खोच आहे: झेनोडोत आपल्या रेपोसमोरचं बटण आधी चालू करायचं आणि मगच गिटहबवर रिलीज (जाहीर आवृत्ती) काढायचा. आधी काढलेले रिलीज ते उचलत नाही. नुसता टॅग (आवृत्तीची खूण) चालत नाही, रिलीजच हवा. रेपो संस्थेच्या ऑर्गनायझेशन खात्यात असेल तर तिथल्या मालकाने झेनोडोला मुभा द्यावी लागते, नाहीतर रेपो यादीत दिसतच नाही. झेनोडोची सराव आवृत्ती आहे, तिथे एकदा करून बघा. दोन डीओआय मिळतात: एक त्या आवृत्तीचा, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. लेखात आवृत्तीचा द्या, रीडमीत सगळ्यांचा. लेखकांची नावं, क्रम आणि ऑर्किड (संशोधकाचा ओळख) क्रमांक सायटेशन फाईलमध्ये रिलीजच्या आधी गाईड सरांना दाखवून घ्या. क्रमावरून नंतर वाद होतात.

देखभालीचं सांगायचं तर, पीएचडी झाली की संस्थेचा ईमेल बंद होतो. रेपोचा ताबा त्याच ईमेलवर असेल तर रेपो अनाथ होतो. म्हणून तो प्रयोगशाळेच्या ऑर्गनायझेशन खात्यात ठेवला आणि दोन जणांना मालकी दिली. लायब्रऱ्यांच्या (कोड वापरतो त्या तयार कोडसंचांच्या) आवृत्त्या नेमक्या लिहून ठेवल्या. कारण नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीने १.२४ आवृत्तीत ‘एनपी.फ्लोट’सारखी जुनी नावं काढून टाकली आणि तोवर नीट चालणारे कितीतरी कोड एका अपडेटमध्ये बंद पडले. नमुना फाईलवरचं अपेक्षित उत्तर तपासणारी एक चाचणी गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या, कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावली. ती विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालवा. प्रयोगशाळेत सगळे विंडोजवर असतात, तिथे फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल अक्षर खपून जातं, लिनक्सवर ‘फाईल सापडत नाही’ येतं.

आणि ते ना हरकत पत्र स्कॅन करून रेपोत टाकू नका, त्यावर सह्या आणि फोन नंबर असतात. लायसन्सशेजारच्या नोटीस फाईलमध्ये जावक क्रमांक आणि तारीख लिहा. मूळ पत्राची एकेक प्रत गाईड सरांकडे आणि विभागाच्या कार्यालयात ठेवा.