पिकअपचं ऑइल वाढलं तेव्हा

ऑइल कमी झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. वाढलेलं पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या टोमॅटोच्या हंगामात. पहाटे गाडी काढायच्या आधी इंजिनाचं ऑइल मोजायची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी वरून थेंबही टाकला नव्हता. तात्यांना हाक मारली.

"गाडी उताराला लावली असशील. सपाटीला घे अन् बघ."

सपाटीला घेतली, दहा मिनिटं थांबलो, परत पाहिलं. तेवढंच. मग पट्टीचं टोक नाकाशी नेलं, तर डिझेलचा वास!

आमच्याकडे दोन पिकअप आहेत. एक २०१२ ची, तात्यांची. दुसरी २०२१ ची, बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली, माझी. नव्या गाडीची वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपात व्हायची. त्यानंतर गावाजवळच्या गॅरेजला जायला लागलो. तिथे ड्रममधलं १५डब्ल्यू-४० ऑइल मिळायचं, जुन्या गाडीत वर्षानुवर्षं जातंय तेच. मिस्त्री म्हणाले, "पिकअप म्हणजे पिकअप, हेच चालतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मीही गाडीची पुस्तिका उघडून पाहिली नाही, हे खरं.

आता ऑइल वाढलं कसं? हंगामात माझी गाडी शेतातून नारायणगावच्या मार्केटला जायची. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. वीस-वीस किलोचे सत्तर-ऐंशी क्रेट भरायचे, मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून इंच-इंच पुढे सरकायचं, माल उतरवायचा, परत यायचं. लांबची फेरी नाहीच. त्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा मधूनमधून लागायचा आणि मी त्याकडे काणाडोळा करायचो.

तो दिवा डीपीएफचा होता. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत ही जाळी असते. इंजिनाची काजळी ती अडवते आणि भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी आतलं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. अनेक गाड्या ते साधतात ते सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडून. हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. माझी गाडी जाळायला सुरुवात करायची आणि मी मार्केटात चावी फिरवून बंद करायचो. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. जास्तीचं सोडलेलं सगळं डिझेल धुरात जात नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरतं. पाच-सहा आठवड्यांत तेच साठलं होतं.

हे कळल्यावर मला खरी भीती वाटली ती टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या थरात डिझेल मिसळलं की तो विरळ होतो. शिवाय पातळी फार वर गेली की क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा दांडा, त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो, आणि फेसात दाब टिकत नाही. पट्टीवर ऑइल कमी दिसलं तर आपण लगेच धावपळ करतो. जास्त दिसलं तर "असू दे, भरपूर आहे" म्हणतो. माझ्या मते जास्त दिसलेलं तितकंच तातडीचं समजावं.

वर्कशॉपात नेली. स्कॅनर लावून उभ्या गाडीवर जाळी साफ करून घेतली. ऑइल मात्र मी घरी बदलायचं ठरवलं, कारण आत काय जातंय ते या वेळी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रात्री पुस्तिका काढून बसलो. माझ्या गाडीसाठी लिहिलं होतं ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (ऑइलच्या दर्जाचं युरोपातलं मानक). तात्यांना आकडा पटेना. "ओझ्याच्या गाडीला एवढं पातळ? घाट चढताना काय टिकणार?" ही समजूत आपल्याकडे सगळीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनापुरता, ऑइल गारठ्यात किती सहज वाहतं त्याचा. नंतरचा आकडा १०० अंशांवर त्याचा दाटपणा कुठल्या पट्ट्यात बसतो ते सांगतो. चाळीसचं ऑइल तीसपेक्षा गरम असताना घट्ट, एवढं बरोबर. पण इंजिनातल्या फटी, पंप, बेअरिंग सगळं एका ठरावीक ऑइलचा हिशोब धरून बनवलेलं असतं. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० आहे, तिला तेच योग्य. माझीत ५डब्ल्यू-३०. दोन्ही माळशेज घाट चढतात.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची निघाली ती डब्याच्या मागची बारीक अक्षरं. जुन्या गाडीचं ऑइल एपीआय (अमेरिकेतलं मानक) सीआय-४ प्लस होतं, चांगल्या दर्जाचंच. पण ऑइलमध्ये मिसळलेल्या काही द्रव्यांची जळल्यावर राख होते. आपल्या चुलीत बघा, काजळी पुन्हा पेट घेते, राख घेत नाही. डीपीएफमध्ये अगदी तसंच होतं. काजळी गाडी जाळते, राख मात्र जाळीत कायमची बसते आणि वर्षागणिक जागा खात जाते. सी३ च्या ऑइलमध्ये ही राख ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. जुन्या सीआय-४ ला अशी मर्यादा नव्हती, कारण ते ठरलं तेव्हा ट्रकांना ही जाळीच नव्हती. म्हणजे पट्टीवर ऑइल वाढलं त्याचं कारण छोट्या फेऱ्या, पण ड्रममधलं ऑइल माझ्या नकळत दुसरं, सावकाश होणारं नुकसान करत होतं.

मग डबा शोधायला निघालो. पहिल्या दुकानात पिकअपचं चित्र असलेला डबा पुढे आला. मागे वळवून वाचला, सी३ नाही. दुसरीकडे ५डब्ल्यू-३० होतं, पण पेट्रोल गाडीचं. आळेफाट्यालाही नाही. शेवटी चाकणला मिळालं. सील बघितलं, बॅच नंबर आणि तारीख बघितली, पक्कं बिल घेतलं. रिकामे डबे भंगारात विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक आहेत, म्हणून डबा संपला की मी त्याला खिळ्याने भोक पाडतो. फिल्टर आणि ड्रेन नटचा तांब्याचा वायसर अस्सल पार्टच्या दुकानातून आणला.

बदलायचं काम तासाभराचं. गाडी दहा मिनिटं चालवून कोमट केली, सपाटीवर उभी करून चाकांना दगड लावले. पिकअप उंच असल्याने जॅक लागला नाही, गोणपाट टाकून खाली सरकलो. नट रिंग पान्याने सैल केला, शेवटचे आटे हाताने, मनगट बाजूला ठेवून. ऑइल आलं ते पाण्यासारखं, सळसळत. एरवी वापरलेलं ऑइल काळं असलं तरी त्याला तार असते. (डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यावरून घाबरायचं कारण नाही.) लिटरच्या मापाने मोजलं तर पुस्तिकेपेक्षा जवळपास लिटरभर जास्त भरलं.

फिल्टर पट्ट्याने सुटला, आणि इथे नशिबाने माझं लक्ष गेलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळी, चपटी, बोट फिरवल्याशिवाय कळणारही नाही अशी. तिच्यावर नवा फिल्टर बसवला असता तर दाबाने रिंग बाहेर फेकली जाऊन दोन-चार मिनिटांत ऑइल रस्त्यावर आलं असतं. नखाने ओढून काढली, जागा पुसली, नव्या रिंगेला ताज्या ऑइलचा हात फिरवला. रिंग टेकेपर्यंत हाताने, मग पाऊण फेरा. नट नव्या वायसरसह आधी बोटांनी बसवला. इथे जोर करून आटे गेले की अख्खा चेंबर बदलायची पाळी येते.

पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतलं. इंजिन चालू केलं, ऑइलचा दिवा विझला, खाली बॅटरी मारून गळती बघितली, बंद केलं. दहा मिनिटांनी पट्टी काढून थोडं-थोडं वाढवलं.

जळकं ऑइल न्यायला सेंट्रिंगवाला शेजारी तयारच होता, प्लेटांना लावायला. मी दिलं नाही. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. कॅन भरून वर्कशॉपात दिलं, तिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

आता मार्केटच्या रांगेत इंजिन बंद ठेवतो. आठवड्यातून एकदा नाशिक हायवेला मंचरपर्यंत सलग जाऊन येतो. ओझं, धूळ आणि घाट धरून ऑइल पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या आधीच बदलतो, आणि तारीख दारामागे खडूने लिहितो. परवा मंचरहून आल्यावर गाडी थंड होऊ दिली, तात्यांनी स्वतः पट्टी काढली, आधी खुणा बघितल्या, मग वास घेतला. "बरोबर मधोमध आहे," म्हणाले, आणि पट्टी पुसून जुन्या गाडीकडे गेले.