मोटरयॉटला पतंग जोडताना: माझा अनुभव

इंधन वाचवण्यासाठी माझ्या 12 मीटर लांबीच्या मोटरयॉटला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या सहलीच्या बोटीला, पतंग जोडण्याचे ठरवले, तेव्हा डोळ्यांसमोर मालवाहू जहाजाचे उदाहरण होते. जानेवारी 2008 मध्ये ‘बेलुगा स्कायसेल्स’ हे जहाज 160 चौरस मीटरचा पतंग घेऊन जर्मनीहून व्हेनेझुएलाकडे निघाले होते. एवढ्या मोठ्या जहाजाला पतंग ओढू शकतो, तर माझ्या लहानशा यॉटला तो सहज ओढेल, असा माझा भाबडा हिशेब होता.

कागदावर आकडे मांडल्यावर तो हिशेब डळमळीत झाला. वारा बरोबर मागून 15 नॉट (तासाला 15 सागरी मैल) वेगाने येत असेल आणि यॉट 7 नॉटने जात असेल, तर पतंगाच्या वाट्याला जेमतेम 8 नॉट वारा उरतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून हा जोर यॉट थांबलेली असताना पतंगाला जेवढा मिळाला असता त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडाच जास्त असतो. माझा पतंग 18 चौरस मीटरचा आहे. तो एका जागी तरंगत ठेवला, तर अशा वाऱ्यात त्याची ओढ 20 किलोच्या आसपास भरते, आणि तेवढ्यासाठी एवढा खटाटोप करण्यात काही अर्थ नाही. वीस नॉटने धावणाऱ्या वेगवान यॉटींची गोष्ट तर सोडूनच द्यावी, कारण त्यांना मागचा वारा क्वचितच गाठतो.

ही अडचण पतंग एका जागी न ठेवता वाऱ्याला आडवा, आठच्या आकड्याच्या वाटेने फिरवत ठेवला की सुटते. माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने 1980 मध्ये याचे गणित मांडले. आडव्या धावेमुळे पतंगाला लागणारा वारा तिपटीने वाढला, तर ओढ नऊपट होते, म्हणजे 20 किलोच्या जागी 180 किलोच्या घरात जाते. शिवाय हे बळ थेट बोटीला मिळते. बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा मात्र इंजिनकडून घेतलेल्या शक्तीचा बराच भाग पाणी घुसळण्यात घालवतो, त्यामुळे पतंगाने दिलेला एक किलोवॉट इंजिनच्या जवळजवळ दोन किलोवॉटची बचत करतो.

जोडणीच्या कामात सर्वाधिक वेळ दोर बांधण्याची जागा ठरवण्यात गेला. दोर उंच बांधला तर यॉट कलते, म्हणून तो नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, डेकच्या पातळीवरच हवा. पण नांगराचा दोर गुंडाळण्यासाठी बसवलेल्या खुंट्यावर पतंगाच्या हिसक्यांचा भार टाकण्याची माझी हिंमत झाली नाही. डेकखाली जाड पट्टी बसवून नवा खुंटा पक्का केला आणि दोर व खुंटा यांच्यामध्ये, ताण असतानाही एका झटक्यात सुटेल अशी कडी घातली. ही कडी सगळ्यात स्वस्त भाग होती, आणि तिच्याशिवाय मी पतंग पुन्हा कधीच उडवणार नाही.

पहिल्या दिवशी तिची गरज पडलीच. पतंग वर घेताना वारा क्षणभर मंदावला, पतंगाने गोता खाल्ला आणि तो नाळेच्या पुढे पाण्यात पडला. यॉट पुढे सरकत होती, दोर सैल झाले होते, आणि ते पंख्यात अडकायला काही सेकंदच उरले होते. मी गिअर काढला, सोबत्याने कडी सोडली, आणि पुढचा अर्धा तास भिजलेला पतंग वर ओढण्यात गेला. पतंग पडला की आधी पंखा थांबवायचा आणि मग बाकीचे पाहायचे, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

दुसऱ्या प्रयत्नात पतंग व्यवस्थित उडाला, तरी इंधनप्रवाहाच्या मीटरवर फरक जवळजवळ दिसेना. चूक माझीच होती. थ्रॉटल (इंजिनाला मिळणारे इंधन कमी-जास्त करणारा दांडा) होते तिथेच ठेवल्याने पतंगाची ओढ यॉटचा वेग थोडा वाढवण्यात खर्च होत होती, आणि वेग जसा वाढतो तशी लागणारी शक्ती जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते. थ्रॉटल मागे घेऊन वेग पुन्हा 7 नॉटवर आणला, तेव्हा तासाला 11 लिटरचा खप साडेआठ लिटरवर आला. पतंगाने फक्त संधी दिली होती, बचत थ्रॉटलवरच्या हाताने करायची होती.

त्यानंतर मी पतंगाशिवाय 6 नॉटने जाऊन पाहिले. खप सुमारे 7 लिटर निघाला, म्हणजे प्रत्येक मैलामागे पतंगापेक्षा नुसते हळू जाणेच अधिक स्वस्त पडले! हे पाहून मी जरा खट्टू झालो, पण वेग कमी केल्याचा फायदा पतंगालाही मिळतो, हे थोड्या वेळाने ध्यानात आले. 8 नॉटच्या जागी 9 नॉट वारा मिळाल्याने त्याची ओढ सुमारे पाव हिश्श्याने वाढते. आता मी दोन्ही गोष्टी एकत्रच करतो.

मर्यादाही लवकरच कळल्या. शिडाच्या बोटीसारखा तळाखाली खोल गेलेला कणा नसल्याने वारा बाजूला सरकला की यॉट घसरते, सुकाणू सतत वळवून धरावे लागते आणि त्यातच बचत विरते. त्यामुळे वारा मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून येत असेल तेव्हाच पतंग चढतो. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंजिन चालू असताना माझी यॉट यांत्रिक जहाजच ठरते, म्हणून पतंग कितीही ओढत असला तरी शिडाच्या जहाजाला मिळणारा अग्रक्रम मी मागू शकत नाही.

पतंग सतत फिरता ठेवायला एक माणूस पूर्णवेळ गुंतून पडतो, आणि चढवण्या-उतरवण्यात मिळून आमचा पाऊण तास जातो. म्हणून मागचा वारा निदान तीन तास टिकेल असे दिसले तरच आम्ही पतंगाची पिशवी उघडतो.