नाल्याच्या मुखापाशी
आज सकाळी किनाऱ्यावर चालताना, जिथे सांडपाण्याचा नाला थेट समुद्राला मिळतो तिथे बराच वेळ थांबलो. पाणी हिरवट होते, दुर्गंधी मात्र फारशी नव्हती, आणि हेच अधिक फसवे. मैल्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ फोफावते, ते कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि तळाशी राहणारे, पळून जाऊ न शकणारे जीव गुदमरतात. शिंपले तर पाणी गाळूनच जगतात. त्यामुळे उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस आणि कावीळ घडवणारा हिपॅटायटिस ए हे विषाणू त्यांच्यात साठतात व शिंपले कच्चे खाणाऱ्याच्या पोटात पोहोचतात. जगातील ८० टक्क्यांहून अधिक सांडपाणी पुरेशा प्रक्रियेविना सोडले जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या अहवालातील अंदाज होता. शेजारीच दोन मुले डुंबत होती. मी बाहेर बोलावले, तर त्यांनी हसून आणखी एक बुडी मारली.