मडकईच्या वसरीतला पंख : आमची वाटचाल

२०१६ च्या मे महिन्यात बाबा मडकईला एका घरी सरकत्या खिडक्यांचं माप घ्यायला गेले आणि माप न घेताच परत आले. विचारलं तर म्हणाले, "बाय, तू चल. त्यांच्या वसरीत विमान आहे." वसरी म्हणजे घराची ओसरी. आमच्या फर्मची खरी गोष्ट तिथून सुरू होते. आधीचं थोडक्यात सांगून टाकते.

बाबांनी १९९६ मध्ये फोंड्यात खिडक्या आणि लोखंडी ग्रिलचं दुकान टाकलं. पुढे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शेड मिळाली. खाणी चालू होत्या तेव्हा बार्जचे कठडे, शिड्या, ट्रकांच्या फाळक्या, कामाला तोटा नव्हता. मी डिप्लोमा करून २०१० मध्ये शेडवर यायला लागले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि नऊ कामगारांचे तीन राहिले. पुढची वर्षं आम्ही खिडक्यांवर काढली.

मडकईचे ते गृहस्थ तारवटी. तीस वर्षं जहाजांवर काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून गावात सगळे त्यांना चीफसाहेबच म्हणतात. त्यांनी झेनिथ सीएच ७०१ या विमानाचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, मागवलं होतं. क्रिस हाइन्ट्झ यांनी १९८० च्या दशकात आखलेलं हे दोन आसनी विमान थोडक्या जागेतून उडतं. पंख डोक्यावर, तीन चाकं आणि सगळं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. न्हावाशेवाहून ट्रकने आलेल्या पेट्या वसरीत एकावर एक रचलेल्या होत्या आणि शेपटीचा एक भाग जुन्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. बाबांना पंख वाटला तो हाच.

चीफसाहेबांना खिडक्या हव्याच होत्या, पण त्याआधी हवं होतं टेबल. बारा फूट लांब, कुठेही पीळ नसलेलं. टेबलाला पीळ असेल तर त्यावर जोडलेल्या पंखालाही तोच पीळ येतो आणि पुढे विमान एका बाजूला ओढतं. आम्ही लोखंडी सांगाडा करून वर जाड प्लाय बसवला आणि पाण्याच्या नळीने लेव्हल काढली. विमानाच्या कामाचं आमचं पहिलं बिल त्या टेबलाचं.

अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की आम्हाला वाटायचं, हे आपलं घरचं काम. तसं ते नव्हतं. खिडकीची सेक्शन ६०६३ जातीची असते, या विमानाचा पत्रा ६०६१-टी६, आणि बराचसा अर्ध्या मिलीमीटरहून पातळ. खिडकीवर आम्ही टोकदार खिळ्याने रेघ ओढतो. इथे ते पाप. रेघेच्या ओरखड्यापासून पुढे तडा जाऊ शकतो. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण शिशातल्या ग्राफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं. बारीक टोकाचा मार्कर तेवढा वापरायचा. भोक पाडल्यावर त्याची कड दोन्ही बाजूंनी साफ करायची, मग पत्रे क्लेकोने धरायचे. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी पकड. पक्का रिव्हेट मारण्याआधी ती भोकाभोकात बसवून सगळं नीट जुळतंय ना ते पाहायचं. एक अष्टमांश इंची भोकाचे क्लेको तांब्याच्या रंगाचे असतात. पत्र्यावर ओळीने लावले की काजूच्या झाडाला नवी पालवी फुटल्यासारखं दिसायचं.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी जायला लागले. चीफसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "बांधणार मी. तुम्ही हाताखाली राहायचं." अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला परवाना हवा असेल तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी केलेलं असावं लागतं, आणि ते दाखवायला रोजची नोंद आणि फोटो ठेवावे लागतात. तीच शिस्त त्यांनी घरी लावली होती. वहीत तारीख, तास, कुठला भाग, कुणाचा हात लागला, सगळं. आपल्याकडे परवाना डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचा, आणि तिथलं काम धिम्या गतीचं, हे ते जाणून होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान मांडलं होतं. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडवून पाहण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. ती बातमी आली त्या दिवशी चीफसाहेबांनी आमच्या शेडवर पेढे पाठवले.

आता चूक सांगते, कारण फर्म तिच्यावर उभी आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये डाव्या पंखावर वरचा पत्रा चढवत होतो. पत्रा ठेवला की खालच्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, दिसत नाहीत, आधी काढलेल्या खुणांवरून भोकं पाडावी लागतात. चौथी रिब किंचित तिरकी झाली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. क्लेको काढून पत्रा उचलला तेव्हा एक भोक रिबच्या कडेपासून जेमतेम चार मिलीमीटरवर. रिव्हेट ३.२ मिलीमीटरचा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे ६.४ मिलीमीटर जागा लागते, नाहीतर जोर आल्यावर कड फाटते. चीफसाहेब त्या संध्याकाळी पणजीला गेले होते. पत्रा परत ठेवला असता तर ते भोक कुणालाच कधी दिसलं नसतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बाबांना सांगितलं. खिडकीची फट सिलिकॉनने भरणारा आमचा धंदा, पण बाबा काही न बोलता चपला घालून माझ्याबरोबर निघाले. चीफसाहेबांनी बॅटरी धरून भोक पाहिलं, वही उघडली आणि माझ्यासमोर लिहिलं : डावा पंख, रिब चार, कडेचं अंतर कमी, रिब बाद. मग विचारलं, "नवी तुम्ही कराल?"

केली. फणसाच्या लाकडाचा ठोकळा रिबच्या आकाराचा कापला, दोन ठोकळ्यांच्या मध्ये पत्रा घट्ट धरला आणि नायलॉनच्या हातोडीने कड हळूहळू दुमडत नेली. वळणावर जास्तीचा पत्रा गोळा होतो, तिथे पक्कडीने बारीक चुण्या घ्याव्या लागतात. पहिल्या दोन रिबा वाकड्या झाल्या, तिसरी बसली. पत्र्याबरोबर मिल सर्टिफिकेट, म्हणजे पत्र्याच्या जातीचा कारखान्याचा दाखला, घ्यायचं असतं हेही आम्हाला तेव्हाच कळलं. एकवीस वर्षं अ‍ॅल्युमिनियम विकत घेत होतो, तो कागद कधी मागितला नव्हता.

त्या पावसाळ्यात आम्ही शेडचे दोन भाग केले. ग्राइंडरमधून उडालेले लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियमवर बसले की आपल्या खाऱ्या हवेत तिथे खड्डे पडायला लागतात. म्हणून ग्रिलचं काम एका बाजूला, मध्ये भिंत. हत्यारंही वेगळी. प्रत्येक कामाला एक कार्ड आलं, त्यावर पत्र्याची जात, सर्टिफिकेटचा नंबर, काम करणाऱ्याची सही, आणि बाद झालेला तुकडा का बाद झाला ते. कामगार सुरुवातीला नाराज होते. आपली चूक आपल्याच हाताने लिहायची, हे कुणाला आवडेल? पहिले सहा महिने बाद तुकड्यांवर सगळ्या सह्या मी माझ्या केल्या.

२०१८ मध्ये चीफसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात नेलं. उघड्यावर ठेवलेल्या विमानांच्या अंगावरच्या रिव्हेटच्या ओळी मुलं बोटांनी मोजत होती. एका पंखाच्या जोडावर रंग फुगून आलेला होता. भिंत कशासाठी बांधली ते मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग कार्डामुळे कामं आली. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीला ट्रॉल्या हव्या होत्या आणि त्यांना प्रत्येक पत्र्याचा माग कागदावर हवा होता. तो आमच्याकडे तयार होता. मालीमच्या जेटीवरून ट्रॉलरच्या डिझेल टाक्या आल्या, त्या ५०८३ या समुद्राच्या कामाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या. आज शेडवर चौदा जण आहेत, त्यात चार मुली. खिडक्या अजूनही करतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने एकदा पैसे दोन वर्षं अडवले, तेव्हा त्या खिडक्यांनीच पगार भागवले.

दरवर्षी चवथीच्या आधी आमचा टेंपो मडकईला जायचा. वसरीत माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधायची, गणपती बसायचा, मग पंखांनी कुठे जायचं? दीड-दोन आठवडे ते आमच्या शेडमध्ये, गोधड्यांवर. रंगाचं कामही जून ते सप्टेंबर बंदच, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

इंजिन रोटॅक्स ९१२, ऐंशी अश्वशक्तीचं. ते परसात पहिल्यांदा चालवलं तेव्हा शेजारची म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आली होती. सध्या चीफसाहेबांना काळजी आहे पेट्रोलची. या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्के मिसळलेलं मिळतं.

यंदा दिवाळीनंतर वजन केलं. त्यासाठी वारा नको म्हणून विमान आमच्या शेडमध्ये आणलं, पंख लावले, दारं लावून घेतली. तीन चाकांखाली तीन इलेक्ट्रॉनिक काटे, काजूच्या एका व्यापाऱ्याने दिलेले. विमानाचा तोल कुठे येतो हे या तीन आकड्यांवरून काढतात. पुढच्या चाकाशी मी, डावीकडे चीफसाहेब, उजवीकडे बाबा. पुढे ६२.४ किलो, डावीकडे १०५.२, उजवीकडे १०६.८. चीफसाहेब म्हणाले, "काटे बदलून परत." डाव्या-उजव्या काट्यांची अदलाबदल केली. बाबांनी चष्मा पुसला, खाली वाकून पाहिलं आणि १०६.८ म्हणाले.

चीफसाहेबांनी आकडे वहीत लिहिले, तिघांच्या सह्या घेतल्या. मग मागे पानं उलटत २०१७ च्या मार्चपर्यंत गेले, रिब चारच्या नोंदीखाली आजची तारीख घातली आणि पेन माझ्याकडे दिलं.