मागील पानावरून पुढे

स्मरणिकेसाठी "शाळेनं मला काय दिलं" या विषयावर चार पानं लिहून द्या, असं समितीकडून सांगण्यात आलं. या विषयावर लिहायला बसलं की पेन आपोआप 'संस्कार' या शब्दाकडे वळतं, आणि तो शब्द या अंकात इतरांनी पुरेसा वापरला असणार. म्हणून मी फक्त एका चाचणीबद्दल लिहिते. दर शुक्रवारची, वीस मार्कांची, व्यापारी इंग्रजीच्या शब्दांची.

नववीत ज्या बाई आम्हाला इंग्रजीला आल्या, त्यांनी आठवड्यातला एक तास व्यापारी पत्रव्यवहारासाठी काढून ठेवला. इन्व्हॉइस, कोटेशन, कन्साइनमेंट, रेमिटन्स, लेजर, व्हाउचर असले शब्द फळ्यावर येऊ लागले. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून कुजबुज होती. कविता सोडून मुलांना कारकुनी कशाला, असा एकंदर सूर. (वह्यांचे गठ्ठे त्या खोलीत आम्हीच पोचवायचो, त्यामुळे असल्या गोष्टी आम्हाला कळायच्याच.) बाईंनी या कुजबुजीला कधी उत्तर दिल्याचं आठवत नाही. त्या शुक्रवारी चाचणी घ्यायच्या, बस्स.

पहिली चाचणी होती 'जोड्या जुळवा'. डावीकडे दहा शब्द, उजवीकडे दहा अर्थ, प्रत्येकी दोन मार्क. मला खात्रीनं सात येत होते. ते जुळवले, उरलेल्या तिनांपैकी दोन अंदाजपंचे लावले आणि शेवटची जोडी तर फुकटच मिळाली. वीसपैकी वीस! सोमवारी बाई थेट माझ्या बाकाशी आल्या आणि म्हणाल्या, "रेमिटन्स म्हणजे काय गं?" मी उभी राहिले आणि उभीच राहिले. (रेमिटन्स म्हणजे पाठवलेली रक्कम.) बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाला विचारलं, "शेवटची जोडी न येता किती जणांची बरोबर आली?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. "म्हणजे चूक माझी," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी टिपून ठेवलं. शिक्षकानं चाचणीत स्वतःची चूक काढलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या शुक्रवारी डावीकडे आठ शब्द आणि उजवीकडे अकरा अर्थ. तीन अर्थ उगीच आलेले, आणि तेही असे बेमालूम की प्रत्येक ठिकाणी ते शोभावेत. फुकटची जोडी बंद झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की पॉल नेशन यांनी १९८३ साली शब्दसंग्रहाची जी प्रसिद्ध चाचणी तयार केली, तिच्यातही हीच युक्ती आहे: प्रत्येक गटात सहा शब्द आणि अर्थ मात्र तीनच. बाईंनी ती चाचणी पाहिली होती की आमच्या वर उठलेल्या हातांवरून त्यांना ते सुचलं, कोण जाणे. मला यातलं दुसरं खरं वाटतं.

मग चार पर्यायांचे प्रश्न आले. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक ज्ञान होतं, ते म्हणजे काहीच येत नसेल तर सगळ्यात लांब पर्यायावर खूण करावी. त्यात तथ्यही आहे. प्रश्न काढणारा बरोबर उत्तर बिनचूक व्हावं म्हणून त्यात आणखी दोन शब्द घालतो, आणि चुकीची उत्तरं उरकून टाकतो. बाईंना हे ठाऊक असावं. एका शुक्रवारी लांबलचक पर्याय झाडून सगळे चुकीचे निघाले. त्या दिवशी वर्गात जी शांतता होती ती प्रार्थनेच्या वेळीही नसायची. नंतर त्यांनी फळ्यावर साधा हिशोब मांडला. वीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. प्रश्न न वाचता डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी पाच मार्क पडणारच. "त्यामुळे ज्याला सहा मिळालेत त्यानं मला एकच शब्द येतो असं समजावं." मला सात होते.

गाळलेल्या जागांचं प्रकरणही असंच. आधी त्यांनी एका पत्रातला दर सातवा शब्द गाळला. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत; उताऱ्यातले शब्द ठरावीक अंतरानं काढायचे आणि वाचणारा ते भरून काढतो का हे बघायचं. पण आमच्या पत्रात सातवा शब्द म्हणून कधी 'द' जायचा, कधी 'ऑफ'. व्यापारी शब्द राहिले बाजूला, आम्ही उपपदं आणि शब्दयोगी अव्ययं भरत बसलो. दोनच आठवड्यांत बाईंनी मोजणं सोडून दिलं आणि हवे तेच शब्द निवडून गाळायला सुरुवात केली. सोबत पहिलं अक्षर द्यायच्या, नाहीतर आम्ही अर्थाला चालणारा भलताच शब्द घालून वर वाद घालायचो.

इथवरच्या चाचण्या मला जमत होत्या. पाठांतर दांडगं होतं. माझी खरी फजिती झाली ती दुसऱ्या सत्रात.

प्रश्न असा होता: एका व्यापाऱ्यानं तुमच्याकडे कोटेशन मागवलं आहे, त्याला चार ओळींचं उत्तर लिहा. 'कोटेशन'चा अर्थ मला आधीपासून माहीत होता, अवतरण. शब्द फळ्यावर आला त्या दिवशी मी गैरहजर होते, आणि येणारा शब्द दुसऱ्याच्या वहीतून कोण उतरवून घेतो? तेव्हा मी त्या व्यापाऱ्याला अत्यंत आदरपूर्वक, 'डिअर सर' वगैरे लिहून, फळ्यावरचा त्या दिवसाचा सुविचार इंग्रजीत करून पाठवला. खाली 'युअर्स फेथफुली'. बाईंनी पत्र वर्गात वाचून दाखवलं, पण नाव सांगितलं नाही. माझे कान लाल झाल्यामुळे ते सांगायची गरजही पडली नाही. वहीत शेरा होता: 'सुरुवात आणि शेवट बरोबर, दोन मार्क. मधल्या मजकुरातून व्यापाऱ्याला दर कळला नाही.'

त्यानंतरचा महिनाभर त्यांनी फक्त असले दुतोंडी शब्द घेतले. एरवी 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, कर्जाच्या पत्रात व्याज. 'बॅलन्स' म्हणजे तोल, आणि शिल्लकही. प्रगतिपुस्तकात 'आउटस्टँडिंग' दिसलं की घरी शाबासकी मिळते, बिलावर दिसलं तर तगादा लागलेला असतो. चेक 'ऑनर' झाला तर त्याचा सत्कार होत नाही, तो वटतो. 'क्रेडिट'ला तर त्यांनी अख्खा तास दिला. कुठं जमा, कुठं उधारी, कुठं श्रेय, आणि मुळात लॅटिनमधला 'विश्वास ठेवणे'. "मराठीत याला 'पत' म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि बाजारातली पत नि माणसांतली पत, दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो." मग चाचणीत अर्थ विचारणं बंद झालं. एकच शब्द तीन वाक्यांत यायचा आणि कोणत्या वाक्यात कोणता अर्थ ते आम्ही ओळखायचं.

याहून अवघड होते ते शब्दांचे शेजारी. ऑर्डर 'मेक' करायची की 'प्लेस'? इन्व्हॉइस 'लिफ्ट' करायचं की 'रेझ'? आम्ही कुरकुरलो की याला नियम काय. बाईंनी मराठीतच विचारलं, पावती काय करतात? फाडतात. कर्ज? फेडतात. व्याज? आकारतात. चेक? वटवतात. "कर्ज फाडतात का? मग? याला नियम काय?" आम्ही गप्प. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली लिहून ठेवलंय की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. ते मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला फर्थ आठवायच्या आधी फाडलेली पावती आठवली. त्यानंतर चाचणीत शब्द कधीच एकटा आला नाही, क्रियापद गाळून नामासकट यायचा.

या सगळ्यात शेवटचा प्रश्न कायम होता आणि त्याचं नाव होतं 'ब्रॉट फॉरवर्ड'. हिशोबाच्या वहीत पान संपलं की बेरीज पुढच्या पानावर नेतात आणि तिथं लिहितात 'मागील पानावरून पुढे', तेच हे. या प्रश्नात मागच्या महिन्यांतले चार शब्द असायचे, आणि ते प्रत्येकाला वेगळे. ज्याचे जे चुकलेले, त्याला ते. चाळीस मुलांच्या चाळीस कागदांवर त्या हातानं ते लिहायच्या. शब्द एकदा बरोबर आला तरी सुटका नसायची. तीन आठवड्यांनी पुन्हा यायचा, मग दीड-दोन महिन्यांनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आधी झपाट्यानं आणि मग हळूहळू विसरलं जातं, आणि उजळणी अंतराअंतरानं केलेली बरी. आमच्या भाषेत मात्र त्या प्रश्नाला 'उधारी' म्हणत. "तुझी उधारी किती?" असं मधल्या सुट्टीत विचारलं जायचं.

माझ्या उधारीत एक शब्द वर्षभर राहिला. 'वेव्ह'. हात हलवायचा तो नव्हे, स्पेलिंगमध्ये 'आय' असलेला. म्हणजे हक्क असूनही दंड, शुल्क, अट सोडून देणं. मी तो दर वेळी 'लाट' किंवा 'निरोप घेणे' असा लिहायची. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत तो काही फिटला नाही.

आता एक तक्रार. अर्थाच्या चाचणीत बाई स्पेलिंगचा अर्धा मार्क कापायच्या. 'रिसीट'मधला मुका 'पी' मी एकदा विसरले आणि वीसऐवजी साडेएकोणीस मिळाले. वर्गात पहिली येणार होते, ती दुसरी आले. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पावती म्हणजे काय हे मला येत होतं की नव्हतं? स्पेलिंग तपासायचं तर त्याची वेगळी चाचणी घ्यावी, एका मार्कात दोन गोष्टी मोजल्या की दोन्हींचं माप चुकतं. हे वाक्य मी नंतर अनेक बैठकांत इतरांना ऐकवलं आहे, आणि दर वेळी माझ्यासमोर तो 'पी' होता.

कारण पुढे हेच काम माझ्या वाट्याला आलं. एका कार्यालयात नव्या मुलामुलींना पत्रव्यवहार शिकवायचा आणि त्यांची चाचणी घ्यायची. पहिल्या तुकडीला मी वीस प्रश्न काढले, चार-चार पर्यायांचे, छान छापील. जवळपास सगळ्यांना सतरा-अठरा मार्क. मी खूश. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एका हुशार मुलानं एका ग्राहकाला पत्र पाठवलं की तुमची रक्कम 'ओव्हरड्यू' आहे. ती होती 'ड्यू', मुदत संपायला अजून आठ दिवस होते. ग्राहक भडकला, आणि बरोबरच होतं त्याचं. मी त्या मुलाची उत्तरपत्रिका काढून पाहिली. दोन्ही शब्दांचं उत्तर बरोबर होतं. 'ड्यू' तिसऱ्या प्रश्नात, 'ओव्हरड्यू' सतराव्यात. दोघं समोरासमोर आलेच नव्हते. देय रक्कम आणि थकलेली रक्कम यांतला फरक मी विचारलाच नव्हता, तर त्याला येतो की नाही हे मला कळणार कुठून?

त्या रात्री मी माळ्यावरची शाळेची पेटी खाली काढली. बाईंच्या सतरा चाचण्या मिळाल्या. कागद पिवळे पडलेत, पण लाल शाई अजून ठळक आहे. एका चाचणीत एकच तक्ता होता, तीन बिलं, प्रत्येकावर तारीख, वर आजची तारीख. आणि खाली विचारलं होतं की कोणतं बिल 'ड्यू', कोणतं 'ओव्हरड्यू', कोणतं 'पेड', आणि तिघांना एकेक ओळ लिहा. पर्याय नाहीत, अंदाजाला जागा नाही. मी ती चाचणी तारखा बदलून जशीच्या तशी वापरली. अठरावाले अकरावर आले.

हा लेख लिहायच्या आधी बाईंना फोन केला. आवाज थोडा बारीक झालाय, पण धार तीच. मी चाचण्या जपून ठेवल्यात म्हटल्यावर त्यांनी जुन्या दिवसांबद्दल काही म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, "तुझा एक शब्द राहिला होता ना गं?"

"हो बाई. वेव्ह. आयवाला."

"मग वाक्य कर."

मी क्षणभर थांबले आणि म्हटलं, "काइंडली वेव्ह द पेनल्टी फॉर द मिसिंग पी."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"शब्द अचूक वापरलास," बाई म्हणाल्या. "अर्धा मार्क मात्र मिळणार नाही."